बाराचा भोंगा

मित्रांनो, जरा मान वर करा. अजून वर. नगरपालिकेची गच्ची दिसते ना? तिच्या कोपऱ्यात लोखंडी चौथऱ्यावर लाल रंगाचं, पोट सुटलेलं, चहूबाजूंनी फटी असलेलं जे धूड उभं आहे, तो मी. या गावाचा जुना भोंगा. तुम्ही मला कधी नीट पाहिलं नसेल, पण ऐकलं मात्र रोज असेल. निदान तुम्हाला तसं वाटत असेल. त्या वाटण्याचीच मला भीती वाटते, म्हणून आज माझी कहाणी तुम्हाला सांगतो आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. माझी रचना अगदी साधी आहे. मधे एक मोटार, तिच्या दोन्ही टोकांना पात्यांची चक्रं, आणि त्यांच्यावर फटी पाडलेलं पत्र्याचं टोपण. मोटार फिरली की पाती हवा आत ओढतात आणि फटींतून बाहेर फेकतात. तीच हवा ओरडते. मला पहिल्यांदा फिरवलं तेव्हा तिथल्या मिस्त्रीने कानात कापसाचे बोळे घातले होते. तरी त्याने तोंड वेडंवाकडं केलं आणि म्हणाला, "घसा बाकी खणखणीत आहे हां याचा!" माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. मी ती अजून जपून ठेवली आहे.

या गावाने मला विकत आणलं ते बर्फाच्या कारखान्यामुळे. समोरचा चौक ओलांडला की एक उताराची गल्ली लागते. तिच्या वरच्या, चौकाकडच्या टोकाला बर्फाचा कारखाना आहे आणि खालच्या टोकाला बालवाडी. बर्फ करायला अमोनिया वायू लागतो. हा वायू नळ्यांत आहे तोवर गुणी बाळ, पण बाहेर सुटला तर माणसाचे डोळे आणि छाती जाळून टाकतो. थंडगार असला की तो वर उडून जात नाही, पांढऱ्या धुक्यासारखा जमिनीलगत सरपटत उतारावरून खाली येतो. एकदा थोडासा सुटला होता. कारखान्यातले दोघे-तिघे खोकून खोकून अर्धमेले झाले, तेव्हा गाव खडबडून जागं झालं आणि नगरपालिकेने धोक्याची सूचना द्यायला एक भोंगा घ्यायचं ठरवलं.

ठरवलं म्हणजे लगेच झालं असं समजू नका. भोंगा बसवायचा कुठे यावर सभेत दोन तास खडाजंगी झाली. प्रत्येक नगरसेवकाला तो आपल्या भागात हवा होता, पण आपल्या घराजवळ नको होता. त्यांच्यातले एक तर प्रत्येक ठरावाला "माझी हरकत आहे" म्हणून उभे राहत, त्यामुळे गावात त्यांचं नावच हरकतदादा पडलं होतं. हरकतदादांनी माझ्या रंगालाही हरकत घेतली. शेवटी सगळे थकले आणि मी नगरपालिकेच्याच डोक्यावर येऊन बसलो.

माझं बटण खालच्या मजल्यावर, आवक-जावक विभागात एका टेबलाशेजारी बसवलं. का, तर विजेची तार तिथूनच वर येत होती. त्या टेबलावर येणाऱ्या-जाणाऱ्या टपालाची नोंद करणारी एक मुलगी नुकतीच नोकरीला लागली होती. सगळे तिला ताई म्हणत. टपालाबरोबर मीही तिच्याच गळ्यात पडलो. बटण दाबलं की त्याच्या वर एक छोटा तांबडा दिवा लागायचा. तो लागला की ताईला कळायचं, वर भोंगा सुरू झाला.

पुढे वर्षभर वायू काही सुटला नाही. मी नुसता उन्हात तापत उभा होतो. मग सभेत कोणीतरी म्हणालं, यंत्र पडून राहिलं तर गंजेल, रोज थोडं वाजवायला हवं. सगळ्यांनी माना डोलवल्या. रोज दुपारी बारा वाजता मला एकदा वाजवायचं असं ठरलं. वेळेचा भोंगा सलग आणि धोक्याचा तुटक, असाही नियम त्याच सभेत केला गेला. त्या दिवशी हरकतदादांना सर्दी झाली होती, ते आले नव्हते. आले असते तर बरं झालं असतं असं मला पुढे पुष्कळदा वाटलं.

मित्रांनो, ते दिवस फार सुखाचे होते. बारा वाजले की ताई बटण दाबायची. माझ्या पोटात आधी एक घरघर उठायची, मग पाती वेग घ्यायची आणि मी गळा मोकळा सोडायचो. गच्चीवरची कबुतरं एकदम भर्रकन उडायची. खाली चौकात माणसं माना वर करायची, मनगटावरची घड्याळं जुळवायची. दुकानांची दारं अर्धी खाली यायची, कचेरीत डबे उघडायचे. शाळा मधली सुट्टी माझ्यावर द्यायची आणि बँक तिची खिडकी माझ्यावर मिटायची. बालवाडीतलं घड्याळ बंद पडलं, तर ते कोणी दुरुस्तच केलं नाही. भोंगा आहे की! मी वाजलो की बालवाडीच्या बाई दाराची कडी काढायच्या आणि सगळी चिल्लीपिल्ली ओरडत गल्लीत पळायची.

रस्ते झाडणारे काका तर माझे खास दोस्त. त्यांना सगळे झाडूकाका म्हणत. सकाळची झाडलोट आटोपून ते गल्लीच्या तोंडाशी आपल्या कचऱ्याच्या हातगाडीवर टेकून बसायचे. भोंगा झाला की उठायचे आणि गाडी ढकलत उतारावरून खालच्या शेडमध्ये लावायला जायचे. त्याआधी उठले तर मुकादम अर्ध्या दिवसाची हजेरी कापायचा. "आमच्या साहेबाला एवढ्या वर बसवलंय," असं म्हणून ते माझ्याकडे बोट दाखवायचे. मला फार मोठेपणा वाटायचा. मी धोक्यासाठी जन्माला आलो होतो हे मी स्वतःही जवळजवळ विसरलो होतो.

पहिली विचित्र गोष्ट घडली ती एका उन्हाळ्यात. त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. बारा वाजले आणि माझी पाती जागची हलली नाहीत. मी खाली पाहत होतो. मला वाटलं, आता सगळ्यांची धांदल उडणार. पण चौकात माणसांनी माना वर केल्या आणि घड्याळं जुळवली. दुकानांची दारं अर्धी खाली आली. बालवाडीची कडी निघाली, मुलं बाहेर आली, झाडूकाका उठले.

मी मनाची समजूत घातली की माणसांना उन्हावरून वेळ कळत असेल. इतक्यात कचेरीतला शिपाई गच्चीवर वाळत घातलेला टॉवेल काढायला आला. मागून आलेल्या दुसऱ्या शिपायाला तो म्हणाला, "आज जरा जास्तच कर्कश वाजला, नाही?"

"हो ना, कानठळ्या बसल्या," दुसरा म्हणाला.

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, भर उन्हात तापलेला होतो, तरी त्या वेळी आतून गार पडलो.

त्यानंतर वीज गेली की दर वेळी तसंच व्हायचं. मी गप्प असायचो आणि गावाला मी ऐकू यायचो. मग एका हिवाळ्यात एक उंदीर माझ्या चौथऱ्यात शिरला. त्याला काय चव लागली कोण जाणे, त्याने माझी तार कुरतडून तोडली. बटणाशी वीज येत होती, तांबडा दिवा लागत होता, पण माझ्यापर्यंत काही पोहोचत नव्हतं. त्या दिवसानंतर मी एकदाही वाजलो नाही.

आणि कोणालाही ते कळलं नाही. ताई रोज बारा वाजता बटण दाबायची, दिवा बघायची आणि भोंगा संपेपर्यंत फोनवर बोलायची थांबायची. "एक मिनिट हां, भोंगा होऊ दे," असं ती पलीकडच्या माणसाला सांगायची, आणि पलीकडचा माणूसही थांबायचा. सगळ्या गावात फक्त कबुतरांना कळलं होतं. ती आता बारा वाजता उडत नसत. एका कबुतरीने तर माझ्या फटींच्या आड घरटं केलं आणि भर दुपारी ती डोळे मिटून अंड्यांवर बसून राहायची.

तशी बरीच वर्षं गेली. ताईचं लग्न झालं, तिला एक मुलगी झाली, आणि ती चिमुरडी याच उताराच्या गल्लीतल्या बालवाडीत जाऊ लागली. अध्यक्ष बदलले, हरकतदादांचे केस पिकले. मला तपासायचा विषय सभेत एकदा निघाला होता. पण अध्यक्ष म्हणाले, "अहो, रोज वाजतोय तो. रोज वाजणाऱ्या वस्तूची तपासणी कसली करायची?" सगळे हसले आणि पुढचा विषय गटारांचा होता, तो घेतला गेला.

रोज दुपारी मी तो प्रकार पाहायचो. एकाच क्षणी शेकडो माना वर व्हायच्या. शेकडो डोळे माझ्याकडे बघायचे, आणि मी मुका. मी पुष्कळ कान दिला, मला काही ऐकू आलं नाही. माझ्या नावाने दुसरंच काहीतरी वाजत होतं, ते फक्त माणसांना ऐकू येत होतं आणि माणसं त्याचं ऐकतही होती. एखाद्या दिवशी त्याने भलतंच काही करायला लावलं तर? हा विचार माझ्या मनात यायचा आणि मी उगाच आपला वाऱ्यावर कुरकुरायचो.

शेवटी तो दिवस आलाच. बाराला थोडा वेळ होता. मी उंचावर असल्यामुळे मला सगळ्यात आधी दिसलं. बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीपाशी पांढरा धूर गोळा होत होता. तसा तिथे थोडा धूर आणि थोडा वास नेहमीच असायचा, त्याचं कोणाला काही वाटत नसे. पण हा धूर दाट होता आणि तो वर जात नव्हता. तो दाराखालून बाहेर आला, पायरीवरून उतरला आणि गल्लीत खाली सरकू लागला. मी ओरडायचा जिवाच्या आकांताने प्रयत्न केला. पण तारेवाचून भोंगा म्हणजे नुसतं डबडं.

खाली आवक-जावक विभागात फोन वाजला. कारखान्याचा व्यवस्थापक खोकत बोलत होता. "ताई, नळी फुटलीय. वायू गल्लीत चाललाय. भोंगा वाजवा, लगेच!"

ताईने बटण दाबलं. दिवा लागला. धोक्याचा भोंगा तुटक असतो हे तिच्या लक्षात होतं, म्हणून तिने सोडलं आणि पुन्हा दाबलं. पुन्हा सोडलं, पुन्हा दाबलं. मग ती तशीच थांबली. बाराची वेळ नव्हती, त्यामुळे गावाच्या कानात ऐकायची सवय जागी झाली नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला खरं ते ऐकू आलं, म्हणजे काहीच ऐकू आलं नाही.

"वाजत नाहीये," ती म्हणाली.

शिपाई डब्याची पिशवी सोडत होता. तो म्हणाला, "बाराला वाजेल की ताई. अजून वेळ आहे."

तिचा चेहरा मला दिसला नाही, पण खुर्ची मागे पडल्याचा आवाज मला गच्चीवर ऐकू आला. शिपायाच्या बोलण्यातून तिला पुढचं सगळं दिसलं असणार. बारा वाजले की बालवाडीची कडी निघणार होती आणि मुलं गल्लीत पळणार होती. ती अनवाणीच चौकात धावत आली. "वायू सुटलाय! वर पळा, मैदानाकडे पळा!" ती ओरडत होती. माणसं तिच्याकडे बघत राहिली. एक दुकानदार दुसऱ्याला म्हणाला, "असं असतं तर भोंगा नसता का झाला?"

गल्लीच्या तोंडाशी झाडूकाका हातगाडीवर टेकले होते. "काका, उठा! चौकातून वर जा!" ताई ओरडली.

"अगं, भोंगा व्हायचाय अजून," काका म्हणाले. "मुकादम टपलेलाच असतो हजेरी कापायला. होऊ दे, मग उठतोच की."

तिला थांबायला वेळ नव्हता. धूर गल्लीच्या मध्यापर्यंत आला होता आणि बालवाडी त्याच्या पलीकडे होती. तिने ओढणी तोंडावर धरली आणि ती आत शिरली. पांढऱ्यात ती मला दिसेनाशी झाली.

आणि बारा वाजले.

चौकात सगळ्यांनी माना वर केल्या. मी टक लावून पाहत होतो. मी मुका, माझ्या फटींत कबुतरी झोपलेली, आणि सगळं गाव माझा आवाज ऐकत उभं. दुकानांची दारं अर्धी खाली आली. झाडूकाका उठले, झाडू गाडीवर आडवा ठेवला, आणि रोजच्यासारखी गाडी ढकलत उतारावरून धुरात निघून गेले. गाडीच्या चाकांची करकर काही वेळ येत राहिली. मग ती थांबली.

बालवाडीतलं मला नंतर कळलं. बाईंनी कडी काढली होती आणि दोन मुलं पायरीवर आली होती. ताईने त्या दोघांना काखोटीला मारलं, दाराला धडक देऊन सगळ्यांना आत लोटलं आणि दार लावून घेतलं. पिण्याच्या पाण्याची बादली तिने चादरींवर ओतली आणि त्या दाराखिडक्यांच्या फटींत कोंबल्या. तिची चिमुरडी आतच होती. सगळी मुलं वाचली. ताईही वाचली, पण वायू तिच्या घशात गेला होता. इस्पितळातून ती परत आली तेव्हा तिचा आवाज गेला होता. तिला फक्त कुजबुजता येत होतं.

झाडूकाका मात्र गेले. शेडच्या अलीकडेच ते गाडीच्या दांड्याला धरून बसलेले सापडले. मित्रांनो, मला डोळे पुसता येत नाहीत. माझा आवाज ऐकून ते उठले होते आणि मी त्यांना हाक मारलीच नव्हती. हे दुःख मी कोणाला सांगू?

पुढे चौकशी झाली. सभागृह गच्च भरलं होतं. ताईने कुजबुजत सांगितलं, "मी बटण दाबलं होतं. भोंगा वाजला नाही. तो नादुरुस्त आहे."

अध्यक्षांनी सभेला विचारलं, "त्या दिवशी भोंगा कोणी कोणी ऐकला?" सभागृहातले सगळे हात वर झाले.

"अहो ताई, बाराचा भोंगा सगळ्या गावाने ऐकला," अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले. "म्हणजे भोंगा चालू आहे. घाबरून तुमच्याकडून आधी बटण दाबायचं राहिलं असेल. होतं असं. तुम्ही मुलं वाचवलीत, तुम्हाला कोणी बोल लावत नाही."

"तपासा त्याला," ताई म्हणाली. "कारखाना परत सुरू व्हायच्या आत तपासा. माझी मुलगी रोज त्या गल्लीत असते."

आणि बरं का, हरकतदादा उभे राहिले. "तपासायला माझी हरकत नाही," ते म्हणाले. सगळं सभागृह चकित झालं आणि चाचणी मंजूर झाली. फक्त एक अडचण होती. भलत्याच वेळी भोंगा वाजवला तर लोक घाबरतील, चेंगराचेंगरी होईल. म्हणून सर्वानुमते ठरलं की चाचणी बारा वाजताच घ्यायची.

चाचणीच्या आदल्या दिवशी दोन रंगारी वर आले. पाहुणे बघणार म्हणून मला चकाचक करायचं होतं. त्यांनी कबुतरीचं घरटं काढून टाकलं. तारेचं तुटकं टोक लोंबत होतं, ते बरं दिसत नाही म्हणून एकाने पुन्हा चौथऱ्याच्या भोकात खोचलं आणि वरून लाल रंगाचा जाड हात फिरवला. मी बाहेरून अगदी नवरदेवासारखा दिसायला लागलो.

दुसऱ्या दिवशी सगळे खाली अंगणात जमले. बटण स्वतः अध्यक्ष दाबणार होते. ताई म्हणाली, मी वर जाऊन भोंग्याजवळ उभी राहते.

"कान फुटतील तुमचे," वायरमन म्हणाला.

"फुटू देत," ती म्हणाली आणि जिना चढून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत आमची पहिलीच भेट. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. रंग ओला होता, त्यात तिला काही दिसलं नाही.

खाली कोणीतरी घड्याळ बघून हात वर केला. अध्यक्षांनी बटण दाबलं. अंगणातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या आणि सगळे चेहरे समाधानाने उजळले. मी ताईकडे पाहिलं. मला वाटलं, ती आता म्हणेल, बघा, काहीच वाजत नाही.

ताईने दोन्ही हात कानांवर दाबून धरले होते.

तिचे डोळे गच्च मिटले होते. मोठा आवाज सोसवत नाही तसा तिचा चेहरा आक्रसला होता. मी गप्प होतो. गच्चीवर इतकी शांतता होती की रंगाचा एक थेंब फरशीवर पडला, तो मला ऐकू आला. आणि माझ्यापासून हातभर अंतरावर ती बाई माझ्या आवाजाने थरथर कापत होती. काय सांगू, त्या क्षणी मलाच संशय आला की मी खरंच वाजतोय की काय.

मग तिने डोळे उघडले. एक हात कानावरून हळूच काढला आणि माझ्या पोटावर ठेवला. तळवा पूर्ण टेकवला. मी गार होतो, दगडासारखा निश्चल. मोटार फिरत असती तर तिचा हात खांद्यापर्यंत हादरला असता. तिच्या कानांत भोंगा चालू होता आणि हाताखाली काहीही चालू नव्हतं. ती कितीतरी वेळ तशीच उभी होती. तिच्या डोळ्यांत मी जी भीती पाहिली, ती धुरात शिरतानाही तिच्या पाठीत नव्हती.

मग तिने बोटांनी रंग खरवडला, तार शोधली आणि ओढली. कुरतडलेलं टोक तिच्या हातात आलं. ती कठड्याशी धावली, तार हलवून दाखवू लागली. पण तिच्या घशातून नुसती हवा निघत होती, आणि खाली अंगण रिकामं होत आलं होतं. भोंगा झाला होता ना. सगळे जेवायला चालले होते.

जेवणाच्या सुट्टीनंतर तिने ती तार अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली. अध्यक्षांनी तार पाहिली, तिचे लाल झालेले हात पाहिले आणि फार दुःखाने म्हणाले, "ताई, तासाभरापूर्वी भोंगा आम्ही सगळ्यांनी ऐकला. म्हणजे तार तुटली ती त्यानंतर. आणि वर तर तुम्ही एकट्याच होता."

त्या संध्याकाळी दोन ठराव झाले. एक, वायरमनने तार जोडावी. दोन, भोंग्याच्या सुरक्षिततेसाठी गच्चीच्या दाराला कुलूप लावावं. दुसरा ठराव लगेच अमलात आला. पहिल्यासाठी वायरमन दुसऱ्या दिवशी दुपारनंतर येणार होता. पण दुसऱ्या दिवशी बारा वाजता सगळ्या गावाने भोंगा ऐकला. वायरमननेही ऐकला. दुसऱ्या कोणीतरी तार जोडलेली दिसते, असं त्याला वाटलं आणि तो रस्त्यावरच्या दिव्यांच्या कामाला निघून गेला.

कारखाना सुरू झाला. ताईची पाणीपट्टी विभागात बदली झाली. आता रोज बाराच्या सुमारास ती कचेरीतून उठते आणि उताराच्या गल्लीत जाते. बालवाडीच्या दाराला पाठ लावून उभी राहते. बारा वाजले की आतून बाई कडी काढतात, मुलं दार ढकलतात, पण ती हलत नाही. एका हाताने कान झाकून ती आधी गल्लीच्या वरच्या टोकाकडे बघते. पांढरं काही दिसलं नाही तरच बाजूला होते. मुलांच्या आया वैतागतात. "त्या दिवसापासून डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या," असं म्हणतात. तिची मुलगी मान खाली घालून तिच्याबरोबर घरी जाते. मला वरून दिसतं, आईने धरलेला हात ती गल्ली संपेपर्यंत सोडवून घेत नाही.

पण ताई एकटी आहे. तिला एखाद्या दिवशी ताप येईल, एखादा दिवस साहेब सोडणार नाहीत. त्या दिवशी काय होईल याचा विचार मी इथे उभा राहून करत असतो.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे हे मागणं आहे. नगरपालिकेत जा आणि गच्चीची किल्ली मागा. देत नाहीत म्हणाले तर उद्या पुन्हा मागा. मला ऐकलंय असं सांगून तुम्हाला परत पाठवतील, तुम्हीही मला ऐकलेलं असेल, तरी परत जाऊ नका. वर या, माझ्यापाशी उभे राहा आणि माझ्यावर हात ठेवा. हाताला थरथर लागली तरच समजा, मी वाजतो आहे.